शेवटचं शून्य

गोंदियातल्या एका खासगी क्लासमध्ये मी वीसेक वर्षं सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतोय. कॉम्प्युटर पार जुने, बत्तीस बिटांच्या जमान्यातले. मालक नवे घेत नाही, आणि मीही कधी भांडलो नाही.

सीमध्ये असं फंक्शन लिहिता येतं, की त्याला दोन शब्द द्या नाहीतर दहा. शब्द म्हणजे खरं तर त्याचा पत्ता, पॉइंटर. किती पत्ते आले ते त्या बिचाऱ्याला कळत नाही, म्हणून शेवटी एक रिकामा पॉइंटर द्यायचा, तो दिसला की थांबायचं. मी पोरांना तिथे नुसतं शून्य लिहायला सांगायचो. आमच्या कॉम्प्युटरवर आकडा आणि पॉइंटर दोन्ही एकाच मापाचे, भागून जायचं.

दवनीवाड्याकडची एक मुलगी एसटीनं यायची. तिनं एकदा विचारलं, शून्य तर साधा आकडा आहे, पॉइंटरच्या जागी चालतो काऊन? मी खेकसलो, चालतो ना, मग झालं. माझं हे असंच. उत्तर येत नसलं की आवाज चढतो. बाकीची पोरं हसली आणि ती खाली बसली.

पुढे नागपूरच्या एका कंपनीची परीक्षा आली. बापानं तिला एकच संधी दिली होती, लागली तर नोकरी, नाहीतर आलेलं स्थळ पक्कं. परीक्षेत नेमकं तेच आलं, कितीही शब्द जोडणारं फंक्शन. तिचं तीन शब्दांना चाललं, दहा शब्द देताच कोसळलं. वेळ संपेपर्यंत ती चूक शोधत बसली आणि नापास झाली.

परत आल्यावर तिनं तो प्रोग्राम मला आठवून लिहून दिला. तुम्ही शिकवलं तसंच लिहिलं, म्हणाली, माहंच कुठंतरी चुकलं असंन.

घरी नव्या लॅपटॉपवर चालवून पाहिला. तिथे, कंपनीतल्या नव्या कॉम्प्युटरांसारखाच, पॉइंटर दुप्पट रुंद. नुसतं शून्य अर्धीच जागा भरतं, उरलेल्या अर्ध्या जागेत आधीचा कचरा राहू शकतो; थोड्या शब्दांना तो सहसा नडत नाही, जास्त झाले की नडतो. मग फंक्शनला शेवट सापडत नाही, ते पुढचं काहीबाही पत्ता समजून वाचत सुटतं. मी शून्याआधी पॉइंटरचा प्रकार लिहिला, तसं ते पूर्ण जागा भरू लागलं. दहाच्या दहा शब्द निमूट जोडले गेले.

दुसऱ्याच दिवशी तिच्या बापाचा फोन आला. धानाची कापणी सोडून बांधावरून बोलत होता.

"माही पोरगी कच्ची आहे का, सर? खरं सांगा मले. नसंन तर एक साल थांबतो, पावन्यायले नाही म्हनून देतो."

पोरगी पक्की आहे, कच्चा मी आहे, एवढं सांगायचं होतं. पण क्लास, मालक, या वयात जाणारी इज्जत, सगळं आडवं आलं. लाज वाटते लिहिताना.

"पेपर कठीण होता," मी म्हणालो.

मास्तर पोरीची लाज राखून राहिला, असंच त्याला वाटलं असणार.

"समजलं, सर," तो म्हणाला. "लय उपकार तुमचे."