कोनाड्यातला कप

मैत्रिणींनो, दुपारपासून तोंडाची चव गेली आहे, म्हणून लिहिते.

शिरूरहून येताना दौंडच्या अलीकडे चहाला थांबले. किल्ली आतच राहिली आणि सवयीने खटका दाबून मी गाडीचं दार लावून घेतलं. हॉटेलवाल्याने समोरच्या सायकल दुकानाकडे हाक मारली, "ए भीम्या, बाईंची गाडी उघडून दे रं."

भीमराव माझ्याहून मोठे. त्यांनी तिकोनी काचेच्या फटीतून तार घातली आणि पाच मिनिटांत दार उघडलं.

मी दोन चहा सांगितले. माझा कपबशीतून आला. भीमरावांनी बाहेरच्या कोनाड्यातला कान तुटलेला कप स्वतःच काढला, विसळला आणि पुढे धरला. हॉटेलवाल्याने वरूनच ओतला.

"त्यांनाही कपबशी द्या," मी म्हणाले.

"त्याचा कप हाय की, बाई. रीतच हाय हितली," तो हसत म्हणाला.

माझा कप हातात तसाच राहिला. शेवटी भीमरावच म्हणाले, "निवतोय, बाई. प्या तुम्ही. आमचं रोजचंच हाय."

आणि मी प्यायले.

हॉटेलवाल्याची शिसारी आलीच, पण माझ्या त्या घोटाची अजून जात नाही. तुमच्यापैकी कुणी तो कप खाली ठेवला असता का? खरं सांगा.