राखून ठेवलेला डोळा

एक अवाढव्य दुर्बीण बांधायला काही देश एकत्र आलेत. तिचा आरसा अखंड नाही, तुकड्यातुकड्यांचा आहे. ते तुकडे एका पातळीत धरून ठेवणारी यंत्रं करायचं काम आपल्या देशाच्या वाट्याला आलं. एका शहरात आराखडा, दुसऱ्यात जोडणी, तिसऱ्यात तपासणी. मी तपासणीवाली. ते यंत्र केसाहूनही कमी सरकायला हवं. ते सरकलं की नाही हे बघण्यात माझी उमेदीची वर्षं गेली.

पिंपळगाव रेणुकाईला अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हे सगळं सोपं करून टाकलं होतं. बाजारात, देवळात, एसटीत एकच वाक्य: "आमची पोरगी दुर्बीण करून राह्यली."

त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. सुटीत त्यांना जालन्याला नेलं, उजव्याचं ऑपरेशन झालं. डाव्याची तारीख घ्यायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांसमोरच म्हणाले, "ह्यो राहू द्या. दुर्बीण बसली की करू. तिच्यात पाह्याला ताजा डोळा पाहिजे."

डॉक्टर हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रिक्षात मी समजावलं, "अण्णा, तिला कुणी डोळा लावतच न्हाई. मागं कॅमेरे असतात, चित्र कॉम्प्युटरवर येतं."

"बाहेरच्यांसाठी असंल ते. करणारीच्या बापाला तं दाखवतील का न्हाई?"

मीही हसले.

मग काम अडलं. परदेशात ज्या डोंगरावर दुर्बीण उभारायची, तो तिथल्या लोकांना देवासारखा. त्यांनी रस्ता अडवला. दसऱ्याला घरी गेले तेव्हा अण्णांना हे सांगितलं.

"देवाचा डोंगर असंल तं बराबर हाय त्यांचं," ते म्हणाले. "पर मंग दुसरा डोंगर पाहा की जल्दी."

पुढे दर दसऱ्याला दारातच विचारायचे, "बसली का?" डावा डोळा पार पांढरा झाला. ऑपरेशनचं काढलं की तेच उत्तर. मी चिडायचे, आई बोलायची, शेवटी दोघींनी हात टेकले.

गेल्या हिवाळ्यात फाट्यावर रस्ता ओलांडताना डावीकडून आलेली मोटरसायकल त्यांना दिसली नाही. मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. मला रडू यायच्या आधी राग आला. त्यांचा, दुर्बिणीचा, त्या डोंगराचासुद्धा. तो अजून गेलेला नाही.

आमची यंत्रं तयार होऊन खोक्यांत पडून आहेत. दहाव्याला आलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "बसली का माय तुझी दुर्बीण?"

"न्हाई अजून," म्हटलं.

निघताना आईनं अण्णांचा चष्मा माझ्या हातात ठेवला. त्या दिवशी तो घरीच विसरला होता.

"रोज सकाळी धोतराच्या सोग्यानं पुसायचे," ती म्हणाली. "डावी काच जास्त."