तहकूब सभेचा अर्धा तास

देशभर पसरलेल्या आमच्या पक्षाच्या जिल्हा शाखेत सभेला सात जण लागतात. त्या गुरुवारी चिटणीस गोदाताई, म्हातारे नाना आणि मी, असे तिघेच होतो. ताईंनी वहीत 'गणसंख्येअभावी सभा तहकूब' असं लिहिलं आणि त्या घड्याळाकडे बघत बसल्या. अर्ध्या तासाने तीच सभा पुन्हा भरते, मग कितीही जण चालतात.

"पक्ष सोडून गेलेले सत्तेच्या पंगतीला बसलेत, ताई. वाट कुणाची बघताय?" नाना म्हणाले.

"नियम आहे, नाना. गप बसा."

दारात पारूबाई बसल्या होत्या. ठेकेदाराने त्यांना झाडलोटीच्या कामावरून विनाकारण काढलं होतं. त्यांना परत घ्या, एवढाच आमचा ठराव होता. पत्रकं वाचत वाढलेल्या मला पक्ष घोषणांतच दिसायचा. त्या दिवशी तो चार रिकाम्या खुर्च्यांसाठी थांबलेला दिसला. नियम आपणच मोडला, तर ठेकेदाराला कुठल्या तोंडाने जाब विचारायचा?

कुणी आलं नाही. ताईंनी ठराव वाचला, तीन हात वर गेले. सभासद नसतानाही पारूबाईंनी चौथा हात वर केला. ताईंनी तो वहीत धरला नाही. पण तो खाली येईपर्यंत त्यांनी पेनही उचललं नाही.