काळ्या मातीसाठी टायर कोणते घ्यावेत?

मंडळी, आज फार दमलेय, पण तुम्हाला एक विचारायचंय.

मी गुरांची डॉक्टर. सकाळी धावड्याहून सुमनबाईंचा फोन आला, त्यांची गाय विताना अडली होती. जीप फोर-व्हील-ड्राइव्ह आहे, म्हणून सरळ शेतरस्त्याला घातली. चिखलात कपाशीच्या पऱ्हाटीचा खुंट घुसून टायर बाजूनं फाटला. स्टेपनी लावली, तर तिच्या खाचांत माती भरून चाक जागेवरच फिरायला लागलं. शेवटी बॅग घेऊन चालत निघाले.

पोचले तेव्हा वासरू गेलं होतं. गाय तेवढी वाचली.

"ताई, कवाची वाट पाहून राह्यलो," एवढंच सुमनबाई म्हणाल्या. त्यांनी दोष दिला नाही, तेच जास्त लागलं.

ट्रॅक्टर लावून जीप बाहेर काढली आणि दुपारी नवीन जालन्यात टायरच्या दुकानात गेले. दुकानदार चाचांनी फाटलेला टायर पाहिला. "बाजू फाटल्यावर पंक्चर निघत न्हाई, मॅडम. मोठ्या खाचांचे घ्या, ते चिखल झटकतात. पण डांबरीवर आवाज करतात अन् जल्दी झिजतात."

"आणि साधे?"

"डांबरीवर बराबर चालतील. काळ्या मातीत मंग भरवसा न्हाई."

"बाजू जाड कोणत्यांची?"

"चिखलवाल्यांची."

चारही तेच बसवले. घरी येईपर्यंत त्यांच्या आवाजानं डोकं दुखायला लागलं.

तुमच्यापैकी कुणी असे टायर वापरतं का? किती टिकतात? वेळेवर पोचले असते तर वासरू जगलं असतं का, ते कुणीच सांगू शकत नाही. टायरचं तेवढं सांगा.