रडणं एकदम थांबलं तेव्हा

मस्तगडला आमच्या शेजारी राहणारा तो तरुण फार गोड बोलायचा. दर वाक्याला "बिलकुल, काकू" म्हणायचा, माझी पिशवी न सांगता वर आणून द्यायचा. पण त्याचं दोन महिन्यांचं बाळ रडायला लागलं, की तो टीव्हीचा आवाज वाढवायचा. ते मला खटकायचं.

एका दुपारी त्याची बायको बाजारात गेली होती. बाळाचं रडणं एकदम थांबलं, म्हणून मी डोकावले. बाळ त्याच्या मांडीवर मलूल पडलं होतं, ओकत होतं. कानामागं निळा डाग होता.

"पलंगावरून पलटून पडलं, काकू. दवाखान्याचं काम न्हाई."

एवढंसं लेकरू कूस तरी बदलतं का? मी वाद घातला नाही, सरळ रिक्षा बोलावली.

डॉक्टरांना तो तितक्याच गोडीनं म्हणाला, "पाळण्याची दोरी तुटली, साहेब."

"मला तर पलंगावरून पडलं म्हणाला होता," मी म्हणाले. तो माझ्याकडे रोखून बघत राहिला.

तपासणीत डोक्यात रक्तस्राव निघाला, डॉक्टरांनी पोलिसांना बोलावलं. पोलिसांपुढे तो म्हणाला, "रडणं थांबंना, मंग हलवलं. जोरात न्हाई."

"राग आवरेना, तर बाळाला खाली ठेवून बाहेर जायचं असतं," डॉक्टर म्हणाले.

बाळ वाचलं. आईसोबत बदनापूरला आजोळी आहे, पण सात महिन्यांचं झालं तरी अजून मान धरत नाही. परवा तो जामिनावर सुटून आला.

"सगळं बराबर होईल, काकू," जिन्यात म्हणाला.

"कुणाचं?" मी विचारलं.