मंजुळामावशी गप्प राहिली त्याची गोष्ट

चूक माझीच. मी दोन बिल्ले उलटे टाचले. 'भोजन' लिहिलेला बिल्ला नंदकुमारकाकांच्या खिशाला गेला आणि 'शिस्त' लिहिलेला मंजुळामावशीच्या पदराला.

सत्त्याऐंशी साल. अंधेरीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये पोरापोरींच्या कराटेच्या मॅचेस होत्या. आमचा क्लास खारचा. मी तेव्हा कुणाचा बाप नव्हतो. माझं लग्नच काय, स्वतःची खाटसुद्धा झाली नव्हती. ताईकडे राहायचो. भावजी पहिल्या पाळीला गेले, म्हणून भाच्याचा पालक म्हणून मी हजर. क्लासच्या शिवदास सरांनी पालकांना कामं वाटली. माझं अक्षर सुरेख. आमच्या तालुक्याच्या शाळेने मला तेवढी एकच गोष्ट धड दिली होती. त्यामुळे बिल्ले लिहायचं काम माझ्याकडे आलं. लिहिले झकास. लावताना वाट लावली.

आता यात एवढं काय बिघडलं, ते कळायला मंजुळामावशी माहीत हवी. खारदांड्याची कोळीण. बाजारात मासळी घेऊन बसायची. मंजुळा हे नाव ठेवणाऱ्यांनी बारशाला जरा घाई केली असावी. ती पाटीपाशी उभी राहून 'बोंबील' म्हणाली की पलीकडच्या रस्त्यावरची माणसं पिशव्या उघडायची.

तिची मुलगी सुलक्षणा आमच्या क्लासची वाघीण. पण नियम असा होता की क्लासच्या कुणाही पालकाने बाहेरून ओरडून शिकवलं, तर समोरच्या खेळाडूला अर्धा पॉइंट. मागच्या स्पर्धेत मावशी ओरडली होती, "चेच तिला!" त्या अर्ध्या पॉइंटाने सुलक्षणा हरली आणि अख्खी दिवाळी आईशी बोलली नाही. या खेपेला तिने बजावलं होतं, "आये, तू हॉलात दिसलीस ना, मी पट्टा सोडून घरी जाईन. आनि परत क्लासला जानार नाय." म्हणून मावशीने स्वतःहून मागच्या व्हरांड्यातलं वड्यांचं काम मागून घेतलं होतं. पोरीला शब्द दिला होता तिने.

"काय लिवलंस रं यावर?" मावशीने पदर पुढे करून विचारलं.

"शिस्त."

"म्हंजे काय करायचं?"

"हॉलमध्ये उभं राहून पालकांना गप्प बसवायचं."

ती आधी खो खो हसली. मग हॉलच्या दाराकडे बघून तिचं हसू उतरलं. "आरं मेल्या! सुली बघंल ना मना!"

मी सरांकडे धावलो. सर म्हणाले, "माईकवरून नाव गेलं. आता बदल नाही. कराटेत मागे फिरायचं नसतं."

"पण सर, तुम्हीच तर पोरांना मागे सरकायला शिकवता."

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पालक नसतो तर तिथेच दंड काढायला लावले असते.

मावशी हॉलमध्ये आली. पोरांच्या रांगेतून सुलक्षणाने तिला पाहिलं आणि तिचा हात पट्ट्याच्या गाठीवर गेला. मावशीने ओठांवर बोट ठेवलं, मग गळ्याला चिमटा लावून शपथ घेतली. सुलक्षणाने बराच वेळ विचार केला. मग गाठ सोडायच्या ऐवजी घट्ट केली.

पुढे जे झालं ते सरांनीही कधी पाहिलं नव्हतं. हॉल गप्प झाला. मावशी तोंडाने एक अक्षर बोलली नाही. कुणी पालक उठून हात हलवायला लागला, की ती कमरेवर हात ठेवून त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहायची आणि बघायची. भाव विचारून, पापलेट दाबून, न घेता निघालेल्या गिऱ्हाइकाकडे बघतात तसं. घाटकोपरचा एक गृहस्थ तर आपल्या मुलाची मॅच संपेपर्यंत स्वतःच्या गुडघ्यांकडेच पाहत बसला.

तिकडे व्हरांड्यात वडे संपले होते. नंदकुमारकाका मूळचे मालवणकडचे, गिरणीतली नोकरी सुटल्यावर औषधाच्या कंपनीत पॅकिंगला लागलेले, स्वभावाने लोण्याहून मऊ. पोरं दोनदोनदा रांगेत आली. "माका नाय म्हणूक जमना नाय रे," काका रिकाम्या परातीकडे बघत मला म्हणाले.

मग सुलक्षणाची मॅच लागली. समोर मुलुंडची एक उंच पोरगी, नुसते पायच पाय. मी मावशीच्या शेजारी येऊन उभा राहिलो, तिला धीर द्यायला. ती धीर घेण्याच्या पलीकडे गेली होती. अर्धा पदर तोंडात कोंबलेला आणि उजव्या हातात माझं मनगट. मुलुंडवालीने पॉइंट घेतला, माझं मनगट पिळलं गेलं. सुलक्षणाने बरोबरी केली, आणखी जोरात पिळलं गेलं. मावशीच्या घशातून कुकरची शिटी अडकावी तसा आवाज येत होता, पण बाहेर काही पडत नव्हतं.

वेळ संपत आली. मुलुंडवालीने लाथ मारायला पाय उचलला आणि एका पायावर उभी राहिली.

आमच्या गावच्या जत्रेत कुस्ती बघताना न ओरडणारा माणूस बहिरा तरी असतो, नाहीतर पोलीस. समोरचा एका पायावर आला, की त्याचा पाय धरून त्याला आडवा करायचा, याला पट काढणं म्हणतात. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माझं तोंड आपोआप उघडलं.

"पट काढ! सुले, पट!"

हॉलमध्ये तेवढाच एक आवाज झाला. पंचाने हात वर केला. मुलुंडला अर्धा पॉइंट. शिट्टी. संपलं.

सुलक्षणाने पंचाकडे पाहिलं नाही, मुलुंडवालीकडेही नाही. तिने सरळ आईकडे पाहिलं. डोळे भरलेले. हात पुन्हा पट्ट्याच्या गाठीवर.

मावशीने माझं मनगट सोडलं आणि कॉलर धरली. कल्ल्यात बोट घालून सुरमई उचलतात तसं मला मॅटच्या कडेला नेलं, पोरीसमोर उभं केलं आणि तोंडातून पदर काढला. ती कुजबुजली. मंजुळामावशीला कुजबुजता येतं, हे दांड्यातसुद्धा कुणाला माहीत नव्हतं.

"सुले, मी नाय. ह्यो वराडला."

सुलक्षणाने मला पाहिलं, मग तो पदर. ओला, चुरगळलेला आणि एका जागी दातांनी फाटलेला.

"आये," ती म्हणाली, "नवीन लुगडं ना गं हे?" आणि रडता रडता हसायला लागली. मग माझ्याकडे वळली. "दादा, पट म्हंजे काय?"

मी सांगितलं.

"ते कराटेत नसतं."

"आता कळलं."

"सोमवारी शिकवशील?"

सर जवळच उभे होते, म्हणून मी नुसती मान डोलावली. पट्ट्याची गाठ तशीच राहिली. माझ्यासाठी तेवढं पुरेसं होतं, पण मावशीसाठी नव्हतं. जाताना वळून म्हणाली, "अर्दा पॉइंट तुज्याकडं ऱ्हायला, पोरा. इसरू नको."

सुलक्षणा पुढे ब्राऊन बेल्टपर्यंत गेली. मी बोरिवलीला राहायला गेलो, तरी मासळी दांड्यावरच घेतो. मावशी माझी पिशवी ओढते आणि वर न बघता विचारते, "आणलास?"

"उद्या, मावशी."

"उद्या उद्या करून मासली कुजते," असं म्हणून ती मला शेपटीकडचाच तुकडा कापून देते.