छातीएवढं पाणी

महापूर ओसरल्यावर विश्रामबागेतल्या आम्ही काही बायकांनी एक उद्योग आरंभला. कुणीही उघडावा, कुणीही भर घालावी असा एक मोकळा नकाशा इंटरनेटवर असतो. कृष्णाकाठच्या घराघरांत पाणी कुठवर चढलं, ते आम्ही त्यावर नोंदवू लागलो. पाऊस आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. पुढच्या खेपेला माणसं वेळेत निघावीत, एवढाच हेतू. नदीकाठचं माझं माहेरही त्यात टाकलं. दादानं पुरातच फोनवर सांगितलं होतं, तेच लिहिलं: छातीएवढं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, फौजेतून निवृत्त झालेला. त्याला कळलं तेव्हा भडकलाच. "आगं, पोराचं लगीन ठरवायचंय. पुराच्या घरात पोरगी कोण देतंय? आन् तू जगाला दावत सुटलीस!"

पाहुणे यायचे म्हणून त्यानं भिंतीवरचा पुराचा डाग ऑइलपेंटनं पार झाकला होता. आमच्याकडं चिखल निघायच्या आधी डाग जातो! मीही त्याचीच बहीण, घर काही नकाशावरून काढलं नाही. त्या भाऊबीजेला तो आला नाही. ओवाळायचं ताट तसंच राहिलं. फार लागलं मला ते.

यंदा नदी पुन्हा चढू लागली आणि सकाळीच त्याचा फोन आला.

"तायडे, शेजारच्या नव्या घरातली बाळंतीण माळ्यावर थांबतो म्हणतीया. नकाशात छातीएवढंच हाय म्हणं."

"मग बरोबरच आहे की."

"न्हाई. डोक्याच्या वर, पार माळ्यापतोर हुतं. आता सांगतोय तर कोण ऐकंना. तुमीच छाती म्हणत हुता, म्हणत्यात."

"मग तू कुठं होतास, दादा?"

"दारातल्या लिंबाच्या झाडावर. तुझी वयनी आन् पोरगं शाळंत पोचवलं. म्हशी सोडाय माघारी आलो, तवर पाण्यानं गाठलं. तितनंच तुला फोन क्येला हुता. उगं जीवाला घोर लावून घेतला असतास, म्हणून छाती म्हणालो."

त्या फोनवर तो माझ्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी करत होता. मला रडू आवरेना. "आणि लग्नाचं?" कसंबसं विचारलं.

"लगीन हुईल कवातरी. तान्हं बाळ हाय गं तितं. आदी त्ये बदल, मग रड."

बदललं. बाळंतीण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसली असा त्याचा फोन आला, मगच रडले.